सरकारी संकेतस्थळाची भाषा : कळली तरच सेवा पोहोचली

उत्पन्नाचा दाखला, सातबारा उतारा, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अशी अनेक सरकारी कामे गेल्या दोन दशकांत कार्यालयाच्या खिडकीवरून मोबाईलच्या पडद्यावर आली. या बदलाने नागरिकांची पायपीट कमी केली, तशी एक जुनी सोयही काढून घेतली. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला ‘म्हणजे नेमके काय करायचे?’ असे विचारता येत होते. संकेतस्थळाला तसे विचारता येत नाही. तेथे लिहिलेले वाक्य हाच कर्मचारी आणि तेच त्याचे उत्तर. ते वाक्य कळले नाही, तर काम तेथेच थांबते.

अशा थांबलेल्या कामाची नोंद कोठेही होत नाही, हा या प्रश्नाचा गंभीर भाग आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. अर्ज फेटाळायचा असल्यास त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. त्यावर पहिले व दुसरे अपील करता येते आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद मागता येते. मात्र हे सारे संरक्षण अर्ज दाखल झाल्यानंतर सुरू होते. अर्ज कोठे द्यायचा हेच ज्या निराधार स्त्रीला उमगले नाही, तिचा अर्ज कोणी फेटाळलेला नसतो. त्यामुळे तिला कारण मिळत नाही आणि अपीलही करता येत नाही. दुर्बोध पान हा कोणाच्याही सहीशिवाय दिलेला नकार ठरतो.

कायद्याची बाजू

सुबोध आणि सुगम मजकूर ही केवळ सौजन्याची बाब नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायची असते. ती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी, असे हेच कलम सांगते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. राज्याचा कारभार मराठीतून चालावा, हा त्यामागील हेतू होता. तथापि कारभार मराठीतून चालणे आणि तो मराठी माणसाला कळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ने या कर्तव्याला आणखी धार दिली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी दृष्टीशी संबंधित दिव्यांगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक होती आणि श्रवणाशी संबंधित दिव्यांगत्व असलेल्यांची संख्याही जवळपास तेवढीच होती. या कायद्याखालील २०१७ च्या नियमांतील १५ व्या नियमाने संकेतस्थळांसाठी सरकारी मार्गदर्शक तत्त्वांचे मानक सांगितले. संकेतस्थळावर ठेवायचे दस्तऐवज ‘ईपब’ स्वरूपात किंवा ज्यातील अक्षरे यंत्राला ओळखता येतील अशा पीडीएफ स्वरूपात असावेत, असेही त्यात नमूद होते.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा बंधनकारक मानकांची अपेक्षा करतो आणि नियम मात्र शिफारशींवर थांबतो, हे त्यामागचे कारण होते. तीन महिन्यांत बंधनकारक मानके निश्चित करण्याचे निर्देश न्यायालयाने केंद्र सरकारला दिले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ॲसिड हल्ल्यातील पीडितांना आणि दृष्टिहीनांना ओळख पडताळणीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्यासारख्या अटी पूर्ण करता येत नाहीत, हा त्या प्रकरणातील मुद्दा होता.

सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राने २००९ मध्ये तयार केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मधील आहे. संकेतस्थळांच्या सुगमतेचे आंतरराष्ट्रीय निकष त्यांचा आधार आहेत. हे निकष चार अपेक्षा ठेवतात : मजकूर इंद्रियांना जाणवावा, पान हाताळता यावे, आशय समजावा आणि वेगवेगळ्या साधनांवर ते टिकावे. सुबोध भाषेसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२३ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. त्याचे सूत्र असे की, वाचकाला हवे ते सापडावे, सापडलेले समजावे आणि समजलेले वापरता यावे.

मसुदा मोकळा केला की निर्णय दिसतो

सरकारी मराठीचा परिचित साचा पुढील नमुन्यातून दिसतो. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या पात्र लाभार्थ्यांनी आवश्यक त्या कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह विहित नमुन्यातील परिपूर्ण अर्ज विहित मुदतीत सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करणे बंधनकारक राहील.’

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. तरीही वाचकाच्या हाती काही लागत नाही. पात्र कोण, आवश्यक कागदपत्रे कोणती, साक्षांकन कोणी करायचे, मुदत कधी संपते आणि सक्षम प्राधिकारी कोठे बसतो, या पाचही प्रश्नांची उत्तरे त्यात नाहीत. प्रत्येक प्रश्नाच्या जागी ‘आवश्यक’, ‘विहित’, ‘सक्षम’ असे एकेक विशेषण उभे आहे.

तीच सूचना अशी लिहिता येते : ‘अर्ज ३० जूनपर्यंत आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात द्या. सोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडा. प्रतींवर स्वतः सही करा. ३० जूननंतर आलेले अर्ज घेतले जाणार नाहीत.’

दुसरा मसुदा लिहिण्यासाठी भाषेचे कौशल्य लागतेच, पण त्याआधी कार्यालयाला निर्णय करावा लागतो. तारीख ठरलेली नसेल तर ‘३० जून’ लिहिता येत नाही. कागदपत्रांची यादी अंतिम नसेल तर तीन कागदपत्रांची नावे देता येत नाहीत. अनेकदा दुर्बोध वाक्य म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या निर्णयावर घातलेले पांघरूण असते. भाषा सोपी केली की कायदेशीर काटेकोरपणा जातो, असा आक्षेप घेतला जातो. वरील उदाहरणात उलट घडते. ‘विहित मुदती’चे दोन अर्थ निघू शकतात, ‘३० जून’चा एकच निघतो.

कर्ता लपवण्याची सवय हा या साच्याचा दुसरा दोष होय. ‘कळविण्यात येत आहे’, ‘कार्यवाही करण्यात येईल’, ‘पडताळणी करण्यात यावी’ या कर्मणी रचनांत काम कोणाचे आहे ते कळत नाही. ‘तलाठी आपल्या घरी येऊन पडताळणी करतील’ असे लिहिल्यास नागरिकाला कोणाची वाट पाहायची हे समजते आणि विलंब झाल्यास कोणाला विचारायचे हेही कळते. उत्तरदायित्वाची सुरुवात वाक्यातील कर्त्यापासून होते.

वाक्याच्या लांबीबाबत ब्रिटनच्या अनुभवाचा दाखला दिला जातो. तेथील सरकारने २०१२ मध्ये विविध संकेतस्थळे एका छत्राखाली आणण्यास सुरुवात केली आणि लेखनासाठी २५ शब्दांपर्यंतच्या वाक्याचा दंडक घातला. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडून येतात व क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे तोच आकडा जसाच्या तसा उचलणे योग्य ठरत नाही. क्रियापद येईपर्यंत वाचकाला सर्व अटी मनात धरून ठेवाव्या लागतात. म्हणून मराठीसाठी अधिक उपयुक्त नियम एका वाक्यात एकच कृती हा आहे. अटी अनेक असतील तर त्या क्रमांक देऊन स्वतंत्र ओळींत मांडाव्यात.

लोकांच्या तोंडचे शब्द

शासनव्यवहाराच्या शब्दांचा विचार मराठीला नवा नाही. सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने प्रशासनासाठी परिभाषा घडवली. त्यातून घडलेले अनेक शब्द आज सहज रुळले आहेत. त्याच वेळी अर्ज, दाखला, तहसीलदार, वारस, फेरफार, नक्कल हे शब्दही टिकून राहिले, कारण लोक त्यांच्याच आधारे व्यवहार करत होते. शब्दाचे मूळ संस्कृत आहे की फारसी की इंग्रजी, यापेक्षा तो वाचकाच्या ओळखीचा आहे का, ही संकेतस्थळासाठी खरी कसोटी होय.

‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ हे अधिकृत नाव आहे. विद्यार्थी व पालक मात्र ‘डोमिसाइल’ म्हणतात आणि शोधतानाही तोच शब्द टंकित करतात. पानावर केवळ अधिकृत नाव असेल तर ते शोधात सापडेलच याची खात्री नाही. केवळ बोलीतले नाव असेल तर हाती पडलेल्या प्रमाणपत्रावरील शीर्षक वेगळे दिसून नागरिक गोंधळतो. शीर्षकात अधिकृत नाव आणि पहिल्याच ओळीत रुळलेला शब्द, अशी जोडी यावर पुरेशी आहे. ‘अनुज्ञेय’, ‘तद्नंतर’, ‘सदरहू’ यांसारख्या शब्दांच्या बाबतीत मात्र जोडीचीही गरज नाही. ‘मिळेल’, ‘त्यानंतर’, ‘हा’ हे शब्द तेच काम करतात.

दिसते, पण वाचता येत नाही

मजकूर सोपा असूनही तो वाचकापर्यंत पोहोचत नाही, असे तांत्रिक कारणांनीही घडते. मराठीत याचे सर्वांत जुने कारण टंकात आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा विशिष्ट फॉन्ट वापरून टंकित होत असे. संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचाच मजकूर असे. फॉन्ट त्यावर देवनागरीचे रूप चढवत असे. डोळ्यांना ‘अर्ज’ दिसला तरी यंत्राच्या स्मृतीत अर्थहीन अक्षरांची रांग असते. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, भाषांतर प्रणालीला कळत नाही आणि पडदावाचकाला उच्चारता येत नाही. पडदावाचक म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली. दृष्टिहीन व्यक्ती तिच्याच साहाय्याने संगणक व मोबाईल वापरतात.

सही-शिक्क्याच्या कागदाचे स्कॅन करून चढवलेली पीडीएफ हे दुसरे कारण. ते कागदाचे छायाचित्र असते. पडदावाचकाला त्यात एकही अक्षर सापडत नाही. ऑप्टिकल पद्धतीने अक्षरे ओळखून घेतली, तरी जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहू शकतात. म्हणून ती प्रत माणसाने तपासावी लागते. यावर साधा मार्ग असा की, नागरिकाला लागणारी माहिती मूळ पानावरच युनिकोडमध्ये लिहावी आणि सहीची प्रत पुराव्यादाखल जोडावी. मोबाईलच्या लहान पडद्यावर पीडीएफ सतत मोठी करून सरकवत वाचणाऱ्या सर्वांचीच त्यात सोय आहे.

ऐकून वाचणाऱ्यासाठी पानाची रचना

पडदावाचक वापरणारी व्यक्ती पान वरून खाली ऐकत बसत नाही. ती एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर किंवा एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर उडी मारते. ठळक अक्षरे मोठी करून केलेले शीर्षक डोळ्यांना शीर्षक वाटते. यंत्राला ते साधे वाक्यच असते. म्हणून शीर्षक हे शीर्षक म्हणूनच नोंदवावे लागते. दुव्यांची यादी ऐकताना ‘येथे क्लिक करा’ हे शब्द दहा वेळा ऐकू आले, तर त्यातून काहीच बोध होत नाही. ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज’ असा दुवा एकटाही पुरेसा बोलका असतो.

चित्राला पर्यायी मजकूर द्यावा लागतो. योजनेची संपूर्ण माहिती रंगीत भित्तिपत्रकाच्या चित्रात असेल आणि पर्यायी मजकूर म्हणून केवळ ‘चित्र’ लिहिले असेल, तर दृष्टिहीन वाचकासाठी ती योजना अस्तित्वातच नसते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेदाचे प्रमाण सर्वसाधारण आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. फिकट करड्या रंगातील बारीक सूचना वृद्धांना आणि उन्हात मोबाईल पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही दिसत नाही. अनिवार्य रकाने केवळ लाल रंगाने दाखवले, तर रंगांधळ्या व्यक्तीला ते ओळखता येत नाहीत; तेथे ‘आवश्यक’ हा शब्द लिहावा.

अर्जाचा नमुना ही सर्वांत नाजूक जागा असते. ‘अवैध नोंद’ असा संदेश चूक दाखवतो, पण ती दुरुस्त कशी करायची ते सांगत नाही. ‘मोबाईल क्रमांक १० अंकी हवा. आपण ९ अंक लिहिले आहेत’ हा संदेश काम पुढे नेतो. वाकड्यातिकड्या अक्षरांच्या कॅप्चाला ऐकण्याचा किंवा दुसरा सुलभ पर्याय नसेल, तर दृष्टिहीन व्यक्ती दारातच अडते. सत्राची वेळ पूर्वसूचना न देता संपली, तर सावकाश टंकन करणाऱ्याने भरलेली माहिती पुसली जाऊ शकते. जन्मतः बहिऱ्या अनेक व्यक्तींची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी त्यांनी नंतर शिकलेली असते. लहान वाक्ये आणि कृतींचा स्पष्ट क्रम त्यांच्यासाठी अत्यावश्यक ठरतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचक

मराठीतील सरकारी मजकुराचे वाचक केवळ महाराष्ट्रात नाहीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी ही राजभाषा ठरली, तरी शासकीय कामांसाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे मराठी भाषकांची जुनी वस्ती आहे. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अनुच्छेद ३५० देतो. या वाचकांपर्यंत केंद्रीय योजनांची माहिती बहुधा भाषांतरातून पोहोचते. केंद्राने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमामुळे यंत्राद्वारे भाषांतराची सोय वाढली आहे.

यंत्राचे भाषांतर वेगवान असले, तरी हिंदी व मराठी यांची लिपी एक असल्यामुळे त्यातील काही चुका चटकन लक्षात येत नाहीत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीतील ‘पंजीकरण’ मराठीत ‘नोंदणी’ आहे. मराठीत ‘कार्यवाही’ म्हणजे कामकाजाची प्रक्रिया आणि ‘कारवाई’ म्हणजे बहुधा दंडात्मक पाऊल. ‘आपल्या अर्जावर कारवाई सुरू आहे’ हे वाक्य वाचून अर्जदार घाबरला, तर तो दोष त्याच्या आकलनाचा नव्हे. म्हणून भाषांतरित पान प्रसिद्ध होण्यापूर्वी ते मराठीच्या जाणकाराने तपासणे आवश्यक ठरते. मूळ मसुदा सुबोध असेल, तर हे काम निम्म्याहून हलके होते. कारण गुंतागुंतीचे वाक्य यंत्रालाही अडखळवते.

तपासणी कोणी करायची?

पान चांगले झाले की नाही, हे ते लिहिणाऱ्याला कळत नाही. त्याला नियम आधीच ठाऊक असतो. तपासणीची एक सोपी रीत आहे. पान दूरध्वनीवरून एखाद्या अपरिचित व्यक्तीला वाचून दाखवावे आणि तिला चार प्रश्न विचारावेत. ही सेवा मला मिळू शकते का? त्यासाठी काय लागते? अर्ज कोठे आणि कधीपर्यंत द्यायचा? त्यानंतर काय होईल? ज्या प्रश्नाचे उत्तर अडते, ते वाक्य बदलावे. त्यानंतर माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाच्या आधारे अर्ज भरून पाहावा आणि एनव्हीडीएसारख्या विनामूल्य पडदावाचकावर पान ऐकावे. शेवटची तपासणी दिव्यांग व्यक्तींकडून करून घ्यावी, कारण यंत्राने दिलेले प्रमाणपत्र त्यांच्या प्रत्यक्ष वापराची जागा घेऊ शकत नाही.

जबाबदारीही निश्चित आहे. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक संकेतस्थळासाठी वेब माहिती व्यवस्थापक नेमणे आणि त्याचा संपर्क पानावर देणे अपेक्षित आहे. मजकूर शेवटचा कधी अद्ययावत झाला, ती तारीखही दिसली पाहिजे. पान वाचता न आल्यास नागरिक त्या व्यवस्थापकाला लिहू शकतात. दिव्यांग व्यक्तींना आपल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. तक्रारीत पानाचा पत्ता, वापरलेले साधन आणि नेमके अडलेले ठिकाण नमूद केल्यास दुरुस्ती सोपी होते.

संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली, हा आकडा कार्यालयांच्या अहवालात ठळकपणे येतो. पान उघडून, वाचून, काहीच न कळल्यामुळे परत गेलेला नागरिकही त्याच आकड्यात मोजला जातो. सेवा पोहोचली की नाही, हे भेटींच्या संख्येवरून ठरत नाही. पहिल्याच प्रयत्नात आणि कोणाच्याही मदतीशिवाय किती अर्ज पूर्ण झाले, त्यावरून ते ठरते.